वाहून गेलेला मुद्देमाल

पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण घटल्यामुळे मासे मेले असावेत, अशा अर्थाचे एक वाक्य आपल्या वर्तमानपत्रांतून दरसाल, ऊसगाळपाचा हंगाम भरात आला म्हणजे आणि पुन्हा वळवाच्या पहिल्या सरी कोसळल्या म्हणजे, इतक्या नियमाने छापून येते की, वाचकाची नजर बाजारभावाच्या तक्त्यावरून सरकावी तशी त्यावरून सरकून जाते. पंचगंगेवर तेरवाडच्या बंधाऱ्याशी मासे मेल्याच्या वार्ता आता कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला नव्या वाटत नाहीत. आणि मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेच्या काठाला मेलेल्या माशांचा खच लागला तेव्हा काही दिवस पुष्कळ गलबला झाला खरा, पण नदीकाठच्या माणसाच्या बोलण्यात आज ती गोष्ट मागच्या पुरासारखी किंवा मागच्या दुष्काळासारखी, म्हणजे दैवाने घडलेल्या गोष्टीसारखी येते.

वर दिलेल्या वाक्यात खोटे असे काहीच नसते, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. गावाबाहेरच्या विहिरीत एखाद्याचे प्रेत सापडावे, डॉक्टरांनी ‘श्वास बंद पडल्यामुळे मृत्यू’ एवढे लिहून द्यावे, आणि तेवढ्यावर फौजदारांनी कागद बांधून दप्तरी दाखल करावेत, असे घडले तर गावातले शेंबडे पोरदेखील विचारील की, श्वास बंद पडला हे खरे, पण तो पाडला कुणी? माशांच्या बाबतीत हा प्रश्न उच्चारला जाण्यापूर्वीच तपास आटोपतो. प्राणवायू घटणे हा मृत्यूचा प्रकार आहे. तो घटविणारे पाणी कोणत्या ओढ्याने, कोणत्या नाल्याने, रात्रीच्या कितव्या प्रहरी नदीत उतरले याचा शोध लागला तरच त्याला कारण म्हणता येईल. हा शोध लागत नाही, तो आपल्याकडे शास्त्र नाही म्हणून नव्हे. मासे वर येऊ लागल्यापासून पहिले दहाबारा तास कुणाचेच कर्तव्य सुरू झालेले नसते, म्हणून लागत नाही.

काही वर्षांपूर्वी फाल्गुनाच्या अखेरीस अशाच एका बंधाऱ्यावर झुंजुमुंजू होता होता जाण्याचा योग मला आला. नदीचे आणि गावाचे नाव मी मुद्दामच घेत नाही, कारण पुढे ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे ती माणसे आपापल्या परीने भलीच होती. बंधारा आपल्याकडे सर्वत्र दिसतो तसाच कोल्हापूर पद्धतीचा, बरगे घातलेले, वरच्या अंगाला पाणी तुडुंब आणि निश्चल, काठाशी केंदाळ दाटलेले. पाण्याचा रंग फार उकळलेल्या चहासारखा झाला होता, आणि वास म्हणावा तर गुऱ्हाळावर उघडी राहून आंबलेल्या काकवीचा. अर्धवट उजेडात प्रथम मला वाटले की पाण्यावर बारीक पाऊस पडतो आहे; मग ध्यानात आले की, कटले, रोहू, चिलापी असे शेकडो मासे पृष्ठभागाला तोंडे लावून, ओठांचा चंबू करून हवा ओढू पाहत आहेत, आणि त्यांच्या त्या धडपडीने ती बुडबुड्यांची जाळी उमटते आहे. कटल्यांपैकी कित्येक तोवर पोट वर करून केंदाळाला लागले होते.

तेथे भोयांपैकी एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारे गाव आबा म्हणत असे, गुडघाभर पाण्यात उभे राहून हातातल्या काठीने मासे उलटेपालटे करून पाहत होते. ते मासे गोळा करीत असावेत असे मी समजलो. पण ते काही गोळा करीत नव्हते, निरखीत होते. मी काठावरून विचारले, तेव्हा मान वर न करता ते म्हणाले, “मोठी मेली, बारकी अजून हलत्यात. मरळ एक बी न्हाई मेली.” आणि मग, बऱ्याच वेळाने, “रातच्याला दोनाच्या सुमाराला वरनं काळं पाणी आलं, सायेब. वासानं जाग आली मला.”

या तीन वाक्यांत केवढा दस्तऐवज होता हे मला पुढे एका मत्स्यशास्त्राच्या अध्यापकांशी बोलताना समजले. पाण्यातला प्राणवायू घटला म्हणजे साधारणपणे मोठ्या देहाचे मासे आधी गुदमरतात, कारण त्यांची गरज मोठी आणि देहाच्या मानाने कल्ल्यांचा विस्तार अपुरा. उलट पाण्यात जहाल विष मिसळले असेल तर लहानथोर असा भेद फारसा राहत नाही आणि पुष्कळदा चिमुकल्या पिलांचाच बळी आधी जातो. मरळीची गोष्ट आणखी बोलकी. मरळ आणि मागूर हे मासे पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतात. म्हणून प्राणवायूच्या दुष्काळात इतर मासे पटापट मरत असताना मरळ सहसा तग धरते, आणि ज्या दिवशी मरळही मेलेली आढळेल त्या दिवशी तपासणाराने विषाची शंका घेतली पाहिजे. म्हणजे आबांनी विष नाही, गुदमरणे आहे, हा निदानाचा पूर्वार्ध काठीच्या टोकाने उरकला होता. आणि काळे पाणी केव्हा व कोणत्या दिशेने आले हे सांगून उत्तरार्धाचे सूत्रही हाती दिले होते. त्यांचा जबाब घ्यावयास मात्र तेथे कुणी नव्हते.

प्रदूषण मंडळाच्या साहेबांची जीप आली ती दुपारी चारच्या पुढे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघावयाचे, वाटेत दुसऱ्या एका तक्रारीचा निपटारा करावयाचा, शिवाय हाताखाली माणसे दोनच, हे सारे त्यांनी मला प्रांजळपणे सांगितले आणि ते खरेही होते. तोपर्यंत पाणी नासले आहे तर ते पुढे जाऊ द्यावे अशा सरळ विचाराने दोन गाळ्यांचे बरगे काढण्यात आले होते, नासलेले पाणी खालच्या गावांच्या वाट्याला गेले होते, आणि बंधाऱ्यात वरून नवे पाणी भरत होते. साहेबांनी काठावर वाकून प्लास्टिकच्या कॅनमध्ये त्या नव्या पाण्याचा नमुना घेतला, चिठ्ठी चिकटवली, आणि काही आठवड्यांनी जो अहवाल आला त्यात बहुतेक घटक मर्यादेच्या आत असल्याचे नमूद होते. आबांना मी हे सांगितले तेव्हा ते नुसते हसले.

या कालापव्ययाचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. नदीचे पाणी ताशी अवघा एक किलोमीटर या गोगलगायीच्या गतीने सरकत असले, तरी रात्री दोनला जे पाणी आबांच्या झोपडीखालून गेले ते दुपारी चारला चौदा किलोमीटर दूर असणार. म्हणजे चोर पळून गेलेल्या घरात, पुन्हा नव्याने भरलेले भांडे आपण पुरावा म्हणून मोहोरबंद करतो. त्यात सूर्याची भर. पाण्यातील शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू निर्माण करते आणि रात्री सर्वांसारखाच तो वापरते, त्यामुळे कोणत्याही साचलेल्या पाण्यात प्राणवायूचा नीचांक उजाडण्याच्या किंचित अगोदर असतो आणि दुपारी तो चढलेला असतो. गुन्हा पहाटेचा आणि पंचनामा दुपारचा, अशी ही व्यवस्था आहे.

आणि गुन्ह्याचे साधन किती थोडे पुरते पाहा. तीस अंश तापमानाला एक लिटर स्वच्छ पाणी सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते, त्याहून अधिक नाही. माशांची वाढ व्हावी अशा पाण्यात तो निदान चार मिलिग्रॅम असावा अशी आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची अपेक्षा आहे. आता मद्यार्क गाळून उरलेल्या ज्या द्रवाला आपल्याकडे सर्रास मळी म्हणतात, त्याच्या एका लिटरला कुजण्यासाठी पन्नास हजार मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. दहा हजार लिटरचा एकच टँकर रात्री कुणी ओढ्यात रिता केला तर त्या मळीची एकूण भूक पाचशे किलो प्राणवायूची होते, आणि लिटरमागे सात मिलिग्रॅम धरले तर सात कोटी लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू ती काही दिवसांत खाऊ शकते. नदी वाहती असते, हवेतून नवा प्राणवायू घेते, म्हणून प्रत्यक्षात अनर्थ इतका गणिती होत नाही. पण बरगे घातलेल्या, केंदाळाने झाकलेल्या बंधाऱ्यात तो गणिताच्या बराच जवळ जातो.

अशा वेळी पहाटेच्या पाण्याची साक्ष टिकवून ठेवण्याची युक्ती जगाला ठाऊक नाही असे नाही. हंगेरीच्या विंक्लर नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ती १८८८ मध्ये शोधली आणि आपल्या महाविद्यालयांतून ती आजही शिकविली जाते. तीनशे मिलिलिटरची, घासलेल्या काचेच्या बुचाची बाटली घ्यावी. तिच्यात हवेचा एकही बुडबुडा अडकू न देता नदीचे पाणी काठोकाठ भरावे. पिपेटने आधी मँगनीज सल्फेट आणि मग अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण तळाशी सोडावे. बूच लावून बाटली चारसहा वेळा उलटीसुलटी करावी. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो आणि सावकाश खाली बसतो. प्राणवायू नसेल तर तो साका पांढराच राहतो. पुढचे मोजमाप प्रयोगशाळेत व्हावयाचे, पण प्राणवायू त्या क्षणी जेवढा होता तेवढा त्या साक्यात जणू कैद होतो आणि अंधारात ठेवलेली बाटली काही तास तरी खोटे बोलत नाही. मी ही क्रिया प्रथम पाहिली तेव्हा त्या पांढऱ्या साक्याने मला जे सांगितले ते पानेच्या पाने अहवाल वाचून कळले नसते. बाटली, दोन द्रावणे, एक पिपेट आणि एका दुपारचे शिक्षण. बंधाऱ्यावर याहून अधिक सामग्री लागत नाही.

परंतु केवळ प्राणवायूकडे पाहण्याची सवयही घातक ठरू शकते, याचा धडा सारे युरोप २०२२ च्या उन्हाळ्यात शिकले, आणि त्या प्रकरणाचा विचार आपण सविस्तर केला पाहिजे, कारण अज्ञात कारणाने मासे मेल्याचा इतका मोठा आणि इतक्या खोलवर झालेला तपास अलीकडे दुसरा झालेला नाही. ओडर ही नदी चेक देशात उगम पावते, पोलंडातून वाहते, पुढे पोलंड व जर्मनी यांची सरहद्द होते आणि बाल्टिक समुद्राकडे जाते. जुलैच्या अखेरीस पोलंडातील ओवावा या गावाजवळ गळ टाकून बसणाऱ्या हौशी मासेमाऱ्यांना मेलेले मासे दिसू लागले, त्यांनी ओरड केली, स्वतः मासे उपसून काठावर टाकले. पण वरिष्ठांच्या दप्तरांत ही इत्तला फार मंदपणे चढत गेली. मेलेल्या माशांची लाट ऑगस्टच्या ९ तारखेच्या सुमारास जर्मनीच्या हद्दीत पोहोचली तोवर शेजारी राष्ट्राला रीतसर सूचनाही गेलेली नव्हती. मग एकच धांदल उडाली. पाऱ्याची अफवा उठली आणि एका जबाबदार प्रांतिक पदाधिकाऱ्याच्या तोंडून ती उठल्यामुळे दोन दिवस खरी मानली गेली. पोलंडच्या पंतप्रधानांनी जलखात्याच्या आणि पर्यावरण तपासणी खात्याच्या प्रमुखांना १२ ऑगस्टला घरी बसविले. पोलिसांनी गुन्हेगाराचा माग देणाऱ्यास दहा लक्ष झ्लोटींचे इनाम जाहीर केले. पिंप घेऊन येणाऱ्या कुणा दुष्टाचा शोध चालला होता.

गुन्ह्याची उकल झाली ती एका मुक्या साक्षीदारामुळे. ओडरच्या काठी फ्रांकफुर्ट नावाचे जे लहान शहर आहे (मायन नदीवरचे सुप्रसिद्ध फ्रांकफुर्ट वेगळे), तेथे नदीच्या पाण्याची अखंड नोंद घेणारे यंत्र बसविलेले होते, आणि ७ ऑगस्टपासून त्याच्या आलेखांनी एकाएकी उसळी घेतली होती. चमत्कार असा की, मासे मरत असता प्राणवायू घटला नव्हता, उलट अस्वाभाविक वाढला होता. पाण्याची अल्कता वाढली होती, हरितद्रव्य वाढले होते, आणि विद्युत्‌वाहकता, म्हणजे पर्यायाने क्षारता, या गोड्या नदीला न शोभणारी झाली होती. आपल्या ठरीव वाक्याने हे प्रकरण कधीच मिटविता आले नसते. बर्लिनच्या लाइबनित्स संस्थेतील गोड्या पाण्याच्या अभ्यासकांनी या आकड्यांतून शेवाळाच्या प्रचंड बहराचे अनुमान बांधले, सूक्ष्मदर्शकाखाली पाणी धरले, आणि प्रिम्नेशियम पार्वम हे, मिलिमीटरच्या शतांशाएवढे, एरवी मचूळ पाण्यात राहणारे सोनेरी शेवाळ नदीत अफाट संख्येने आढळले. पुढे त्याचे विषही पाण्यात सापडले. हे विष कल्ल्यांच्या पेशी फोडते, म्हणून प्राणवायूने भरलेल्या पाण्यात मासे गुदमरून मेले, आणि त्यांच्याबरोबर शिंपले व गोगलगायीही मेल्या. सुमारे ३६० टन मासे मेल्याचे युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने फेब्रुवारी २०२३ च्या अहवालात नमूद केले. नंतरचे काही अंदाज तर याहूनही मोठे आहेत.

शेवाळ सापडले म्हणून जर तपास तेथेच थांबला असता, तर तेही निसर्गावर ढकलून मोकळे होणेच झाले असते. पण खाऱ्या पाण्याचा हा जीव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत कसा नांदला, हा पुढचा प्रश्न विचारला गेला, आणि उत्तर आले की, खाणी आणि उद्योग यांचे खारट सांडपाणी, त्यात त्या वर्षीच्या अवर्षणाने रोडावलेला प्रवाह आणि उष्मा, यांनी नदीतच मचूळ पाणी तयार करून ठेवले होते. त्यातले पुष्कळ सांडपाणी परवाने घेऊन सोडलेले होते. म्हणजे इनाम ज्याच्यासाठी लावले तो पिंपवाला आरोपी होता की नाही हा मुद्दा गौण ठरला, आणि ज्या दप्तरांत परवानगीचे दाखले जपून ठेवले होते त्यांच्याकडे बोट वळले. युरोपातल्या लोकांना सारे समजते आणि आपल्याला काही समजत नाही, असा निष्कर्ष यातून कुणी काढू नये. त्यांच्याही हौशी मासेमाऱ्यांकडे पहिले पंधरा दिवस दुर्लक्षच झाले. फरक एवढाच की काठावरच्या यंत्राला कुणाच्या मर्जीची वाट पाहावी लागली नाही.

आता आपल्या घराकडे वळू. प्रयाग चिखलीपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत पंचगंगेचा जो प्रवाह आहे त्यावर संशयितांची वाण नाही. कोल्हापूर शहराचा जयंती नाला आणि दुधाळी नाला आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती आहेत, साखर कारखाने आणि त्यांना जोडलेल्या आसवन्या आहेत, इचलकरंजीचे कापड प्रक्रियेचे व्यवसाय आहेत, आणि दुतर्फा सांडपाणी सोडणारी गावे आहेत. याच नदीच्या काठी २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीने माणसे दगावली होती. एवढे संशयित असणे हे तपासाला कठीण आणि संशयितांना फार सोयीचे. कारखानदार म्हणतो, शहराचे मैलापाणी बघा; पालिकेचा अधिकारी म्हणतो, पंप बंद पडला तो वीज गेल्यामुळे, आणि तरी मळीचा वास तुम्हाला येत नाही का; प्रक्रियावाला म्हणतो, वरूनच पाणी काळे येते. गंमत अशी की, यातला प्रत्येकजण निम्मेशिम्मे खरे बोलतो. कारखानदारांचा मुद्दा तर मी मनापासून मान्य करतो: नदीला बारमाही आजारी ठेवण्याचे काम बहुतांशी नगरांचे मैलापाणी करते, आणि त्याच्याविरुद्ध मोर्चा काढणे मोर्चेकऱ्यांना स्वतःविरुद्धच काढल्यासारखे होईल म्हणून तो कुणी काढीत नाही. परंतु आजारी माणसाला एके रात्री कुणी उशीने गुदमरवून मारले, तर तो आधीच आजारी होता ही सबब न्यायासनापुढे चालत नाही.

कायद्याचे दुर्भिक्ष आहे असेही म्हणवत नाही. जलप्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९६९ साली केला. आपले प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये अस्तित्वात आले. आणि संसदेचा १९७४ चा कायदा तर नमुना कसा घ्यावा याची कार्यपद्धती दिवाणी दाव्याच्या काटेकोरपणाने सांगतो: सांडपाण्याचा नमुना घ्यावयाचा तर भोगवटादारास तेथल्या तेथे नोटीस द्यावी, नमुन्याचे दोन भाग करावेत, दोन्ही मोहोरबंद करून त्यांवर उभयतांनी सह्या कराव्यात. ही पद्धत निरपराध्याला वाचविणारी आहे आणि ती असलीच पाहिजे. पण ती गृहीत धरते की नळ कुणाचा हे आधीच ठाऊक आहे; मेलेल्या माशापासून सुरुवात करून नळापर्यंत मागे जावयाचे कसे, आणि त्या वाटेवर पहिले पाऊल कुणी टाकावयाचे, हे ती सांगत नाही. त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमाने, अपघाताने दूषित द्रव्य नदीत गेले किंवा जाण्याची भीती उत्पन्न झाली तर आस्थापनेच्या जबाबदार माणसाने ती इत्तला तात्काळ दिली पाहिजे असे बंधन घातले आहे. नदीकाठी माझे इतके येणेजाणे आहे, पण अशी इत्तला आपण होऊन दिल्याचे आजवर माझ्या कानी आलेले नाही. २०१४ पासून साखर कारखाने, आसवन्या यांसारख्या अतिप्रदूषक म्हणून गणलेल्या सतरा प्रकारच्या उद्योगांना अखंड मापन यंत्रे बसविण्याचे निर्देश आहेत. पण ती यंत्रे उद्योगाच्या आवारात, उद्योगाच्या नळावर आणि उद्योगाच्या देखभालीत असतात, आणि रात्री दोनला टँकर ज्या ओढ्यात रिता होतो तेथे त्यांची नजर पोहोचत नाही. देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे असल्याचे केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये मोजले, आणि त्यांत सर्वाधिक, ५३, महाराष्ट्राचे निघाले.

गावात माणूस अकस्मात मेला तर पोलीस पाटील ठाण्यावर वर्दी देतो, पंच जमतात, प्रेत कोणत्या कुशीवर पडले होते इथपासून पंचनामा होतो, आणि हे सारे होईपर्यंत कुणी प्रेताला हात लावीत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, हजारो मासे एकदम मेले तर त्या घटनेलाही अकस्मात मृत्यूचीच इभ्रत मिळावी. वर्दी कुणी द्यावयाची हे ठरवून द्यावे. भोई आणि कोळी यांच्या मच्छीमार संस्था नदीचे पाणी रोज हाताळतात, त्यांच्यातल्या दोघाचौघांना बाटली भरावयास शिकवावे आणि त्यांची सही पंच म्हणून ग्राह्य धरावी. बरगे काढण्यापूर्वी नमुना घेतलाच पाहिजे, असा पाटबंधारे खात्याला हुकूम असावा. कारण घाईने काढलेला बरगा म्हणजे पंचनाम्यापूर्वी हलविलेले प्रेत. नमुना एका ठिकाणचा नको; मासे मेलेल्या जागेचा, तिच्या वरच्या प्रत्येक ओढ्याच्या मुखाच्या वरचा आणि खालचा, म्हणजे ज्या जोडीत फरक पडेल तेथे वाट फुटते. मासे नासलेले नकोत, कारण उन्हात फुगलेला मासा प्रयोगशाळेला काही सांगत नाही. अजून धुगधुगी असलेले किंवा नुकतेच गेलेले चारसहा मासे बर्फात घालून न्यावेत. प्राणवायू, क्षारता, आम्लता आणि तापमान अखंड टिपणारे यंत्र पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या मोठ्या बंधाऱ्यांवर मंडळाच्या मालकीचे असावे, आणि त्याचे आकडे ज्या घटकेला टिपले जातील त्याच घटकेला नदीकाठच्या कुणालाही पाहता यावेत.

याला खर्च येईल, आणि तो कुणी करावा याबद्दल खल सुरू होईल, हे मला दिसते. तो होवो. पण ज्या भोयाने तलावाचा वा डोहाचा ठेका पैसे भरून घेतलेला असतो आणि ज्याची वर्षाची मिळकत एका पहाटे पोट वर करून तरंगते, त्याच्या नुकसानीचा हिशेब त्या खलात कुणी मांडीत नाही, कारण नुकसानभरपाईसाठी कारण सिद्ध व्हावे लागते आणि कारणाच्या जागी आपण ते ठरीव वाक्य लिहून ठेवलेले असते.

त्या दिवशी परतताना बंधाऱ्यावरच्या चौकीत मी पाण्याच्या पातळीची वही पाहिली. पाटबंधारे खात्याचा एक शिपाई रोज सकाळी येतो, मोजपट्टीवरचा आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. ऊन असो, पाऊस असो, त्याचा खाडा नसतो, आणि आदल्या कित्येक वर्षांचे आकडे त्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरलेले होते. त्या दिवशीच्या नोंदीतही पातळी बिनचूक लिहिलेली होती. शेजारी शेऱ्याचा रकाना होता. मी पाने मागे मागे उलटीत गेलो, तर तो पार पहिल्या पानापर्यंत कोरा होता.